घर एक, कारागीर तीन : शेवगावातल्या घरगुती नेटवर्कचा आढावा

शेवगावात घरातले नेट अडखळू लागले की पहिला फोन केबलवाल्याला जातो. तो येतो, डब्यावरचा लाल दिवा लागलाय का ते पाहतो, डबा एकदा बंद करून चालू करतो, त्याच्या शेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि "आमच्याकडून ओके आहे" म्हणत गाडीला किक मारतो. बहुतेक वेळा तो खरेच बोलत असतो. डब्यापर्यंत शंभर एमबीपीएस आलेले असतात. आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीपर्यंत त्यातले पाचही पोचत नाहीत. मधले पंच्याण्णव कुठे जातात, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडच्या घरातले नेटवर्क तीन कारागीर मिळून उभे करतात आणि ते तिघे एकमेकांना कधी भेटलेले नसतात. घर बांधताना वायरमनने स्लॅबमध्ये पाईप टाकलेले असतात, पण ते दिवे, पंखे आणि फार तर टीव्हीच्या केबलसाठी. मग केबलवाला येतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून फायबर आत घेऊन जिथे सोयीचे तिथे, म्हणजे टीव्हीच्या मागे, डबा लटकवतो. तिसरा सीसीटीव्हीवाला. तो जिन्याखाली आपला रेकॉर्डर ठेवतो आणि गरज वाटली तर सोबत आणलेला एक राऊटर खोचून जातो. यात घरमालक स्वतः भर घालतो ती ऑनलाइन मागवलेल्या 'रेंज वाढवणाऱ्या' यंत्राची. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी बरोबर असते. सगळे मिळून जे तयार होते त्याचा धनी मात्र कोणीच नसतो.

माझे म्हणणे सरळ आहे. घरात राऊटर एकच असावा. जी वस्तू जागची हलत नाही, म्हणजे टीव्ही, रेकॉर्डर, टेबलावरचा संगणक, तिला वायर द्यावी. वाय-फाय हातातल्या मोबाईलसाठी आणि शेवटच्या काही फुटांसाठी ठेवावे. हे केले तर बहुतेक घरांत महागडा प्लॅन घ्यायची वेळच येत नाही.

बाहेरच्या लाईनची गोष्ट आधी उरकून घेऊ, कारण तिथे गेल्या वीस वर्षांत खरोखर सुधारणा झाली आहे. २००४ च्या केंद्रीय धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ती पायरी ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले, पण एक्स्चेंजपासून जसजसे लांब जावे तसतसा वेग गळत असे. गावठाणात नेट आणि वस्तीवर फक्त फोन, असा प्रकार होता. फायबरने ती अडचण संपवली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर आले, बीएसएनएलने स्थानिक भागीदारांमार्फत फायबर द्यायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षे टीव्हीची केबल ओढणारे तेच लोक नेटची केबल ओढू लागले. २०२३ पासून गच्चीवर अँटेना लावून ५जीवरून येणारे एअर फायबरही आहे.

गावात येणारी फायबर एका घरासाठी नसते. जीपॉन नावाच्या पद्धतीत एका धाग्यातले सुमारे अडीच हजार एमबीपीएस काचेच्या स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तुमच्या घरी पोचलेल्या प्रकाशाची ताकद लाईनमन 'पॉवर' म्हणून सांगतो : "उणे वीस आहे, मस्त आहे." उणे सत्तावीसच्या खाली गेली की डबा तग धरत नाही. दर तीन अंकांच्या घसरणीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून कपाटामागे चिमटलेली फायबर दिसली तर ती मोकळी करून गोल वळण देण्यासारखे स्वस्त काम दुसरे नाही. हिरव्या टोकाची जोडणी निळ्या टोकाला करू नये. हिरव्याचे तोंड आठ अंशांनी तिरके घासलेले असते, ते सपाटाला नीट टेकत नाही. गंगामाई किंवा केदारेश्वर साखर कारखान्याच्या वाटेवर गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्ता ओलांडणाऱ्या लोंबत्या केबलींचे काय होते, हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. तो दोष मात्र घरातल्या कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही. लाल दिवा लागला असेल तर राऊटरची बटणे दाबत बसू नका, सरळ फोन करा.

आता उंबऱ्याच्या आत येऊ.

केबलवाल्याने दिलेला डबा म्हणजे ओएनटी. प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करणे, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणे, चार-दोन वायरी जोडायची सोय आणि वाय-फाय, अशी चार कामे त्या एकाच प्लास्टिकच्या पेटीत कोंबलेली असतात. पहिले काम तो चोख करतो. चौथ्यात तो बहुधा कच्चा असतो. स्वस्तातल्या डब्यांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय असते. त्यावर '३०० एमबीपीएस' छापलेले असले तरी भरवस्तीत प्रत्यक्ष हाती चाळीस-पन्नास येतात. मागची पोर्टेही सगळी सारखी नसतात. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचे आणि बाकीची शंभरची. दोनशेचा प्लॅन घेऊन चुकीच्या भोकात वायर खोचली तर शंभराच्या वर आकडा जाणारच नाही, आणि दोष बिचाऱ्या कंपनीला.

वाय-फायचे खरे वैरी म्हणजे आपल्या भिंती. शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातली जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहतात ती दगडमातीच्या जाड भिंतींमुळे, आणि त्याच भिंती रेडिओलहरी पिऊन टाकतात. वर पत्रा असेल तर लहरी आरपार जाण्याऐवजी परावर्तित होतात. नव्या वसाहतींतल्या आरसीसी घरांत स्लॅबमधल्या सळयांची जाळी असते, म्हणून खालच्या हॉलमधला डबा वरच्या बेडरूमला पुरत नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण त्याला भिंत सोसत नाही, २.४ भिंत ओलांडतो, पण त्याच्यावर गर्दी फार. भारताने २.४ चा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि ५ चा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. २.४ मध्ये एकमेकांना न चिकटणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. तीन मजली इमारतीत बारा डबे 'ऑटो'वर सोडलेले असले की काय होत असेल याचा अंदाज बांधा. मोबाईलवर फुकट मिळणारे वाय-फाय अॅनालायझर उघडून शेजारी कुठल्या चॅनेलवर आहेत ते पाहावे आणि आपण उरलेला धरावा. पाच मिनिटांचे काम आहे.

रेंज पोचत नाही म्हटल्यावर दुकानदार रिपीटर काढून देतो. मी याच्या विरोधात आहे. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो नेमका त्या खोलीत लावतात जिथे आधीच रेंज नाही. मोबाईलवर चार दांड्या दिसतात आणि नेट चालत नाही, या तक्रारीमागे बहुतेकदा हाच असतो. मेश नावाने येणारे दोन-तीन यंत्रांचे संच बरे असतात, पण तेही वायरने जोडले तरच पैशांचे चीज होते. घरच्या विजेच्या तारांतून नेट नेणारे अडॅप्टर मिळतात. इन्व्हर्टर आणि वेगवेगळ्या फेजवर वाटलेल्या आपल्या वायरिंगवर मी त्यांच्या नादी लागणार नाही.

म्हणजे फिरून वायरीवरच यायचे, आणि वायर आली की स्विच आला. स्विच हे या सगळ्यातले सर्वात सोपे, सर्वात टिकाऊ आणि सर्वात दुर्लक्षित यंत्र. त्याला पासवर्ड नाही, सेटिंग नाही. एका पोर्टात मुख्य राऊटरची वायर घाला, उरलेल्यांत घरातली यंत्रे जोडा, झाले. ईथरनेटची कल्पना बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत मांडली, पण सुरुवातीच्या जाळ्यांत एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जाई आणि टक्कर होई. आलेला संदेश ज्याचा त्यालाच पोचवणारा पहिला बाजारी ईथरनेट स्विच १९९० मध्ये आणला तो 'कल्पना' नावाच्या अमेरिकी कंपनीने. सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांनी तिला आपल्या पत्नीचे नाव दिले होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. आज पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो. शंभर एमबीपीएसवालाही काउंटरवर असतो, दिसायला तसाच आणि निम्म्या किमतीत. तो घेऊ नका. खोक्यावर '१०/१००/१०००' वाचूनच पैसे द्या.

वायर घेतानाही असाच डोळा ठेवावा लागतो. कॅट फाइव्ह-ई किंवा कॅट सिक्स दोन्ही घराला पुरेशा आहेत. १०० मीटरपर्यंत गिगाबिट जाते. खरा प्रश्न आत तांबे आहे की तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम, हा आहे. मुलाम्याची वायर हलकी लागते, खरवडली की आतून पांढरी दिसते आणि वाकवली की तुटते. कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर ती तापतेही. टोके बसवताना आठ तारांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिम्पिंग करणारे काही जण घाईत चारच तारा बसवतात, कारण शंभर एमबीपीएसला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्या पुरतात. नेट 'चालते', म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गिगाबिट मात्र आठही तारा मागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुसऱ्या राऊटरपाशी. वरच्या मजल्यासाठी एक नवा राऊटर आणला, हॉलमधल्या डब्यातून वायर काढून त्याला जोडली, आणि दोन दिवसांनी निम्म्या मोबाईलवर नेट आणि निम्म्यांवर नाही. कारण घरात दोन कारभारी झाले. दोघेही येईल त्या यंत्राला पत्ता वाटू लागले, बहुधा १९२.१६८.१ याच मालिकेतला, आणि कोणाच्या हातात कोणाचा पत्ता पडला याचा मेळ राहिला नाही. यावरचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. नवा राऊटर मुख्य जाळ्याला जोडायच्या आधी लॅपटॉपला लावा, त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन 'अॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा आणि काम संपले. तो पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य डब्याहून वेगळा पण त्याच मालिकेतला करा, समजा मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२. मग त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणे, बंद करा. खालून येणारी वायर त्याच्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात न घालता साध्या लॅन पोर्टात घाला. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवले की जिना चढताना मोबाईल बहुधा आपोआप इकडून तिकडे जातो. उलट, नवा राऊटर चांगला आणि केबलवाल्याचा डबा कच्चा असेल तर त्या डब्याला 'ब्रिज मोड'मध्ये टाकायला, म्हणजे त्याचे पत्ते वाटणे बंद करायला, सांगा आणि युजरनेम-पासवर्ड नव्या राऊटरमध्ये भरा. काही ऑपरेटर कुरकुर करतात, आग्रह धरावा.

आणखी एक अपघात लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी लोंबणारे मोकळे टोक दिसले म्हणून त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचते. वायरीची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये. आत शिरलेला एखादा सर्वांसाठीचा संदेश गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि काही क्षणांत घरातले सगळे नेट ठप्प होते. खूण पक्की आहे : स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकतात. अशा वर्तुळांना आवर घालणारी पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली आणि मोठ्या कार्यालयांतले स्विच ती वापरतात. घरगुती स्वस्त स्विचमध्ये ती बहुधा नसते. तिथे एकेक वायर काढत जाणे, एवढाच मार्ग.

शेवगावचा विचार गावठाणापुरता करून चालत नाही. तालुक्यातली निम्मी कुटुंबे नाही म्हटले तरी मनाने वस्तीवरच असतात. घर इथे, गोठा तिथे, विहीर त्याच्याही पलीकडे, आणि कॅमेरा हवा गोठ्यावर. तांब्याची वायर १०० मीटरला थांबते. त्याआधीही उघड्यावरून नेलेली तांब्याची वायर वळवाच्या विजांत धोक्याची आहे; झाडावर वीज पडते आणि घरातल्या स्विचची पोर्टे जळतात. अशा ठिकाणी दोन मार्ग. एक, फायबरची ड्रॉप केबल आणि दोन टोकांना प्रकाशाचा संदेश विजेच्या आणि विजेचा प्रकाशाच्या रूपात बदलणारे दोन मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज वाहत नाही. मात्र त्या केबलला आधारासाठी लावलेली पोलादी तार घरात शिरण्याआधी सोलून बाहेरच बांधावी, नाहीतर काचेचा फायदा पोलादाने घालवला. दुसरा मार्ग ५ गिगाहर्ट्झच्या समोरासमोर लावलेल्या दोन अँटेना. यात नजर स्वच्छ पोचली पाहिजे. जूनमध्ये लावलेली जोडी दिवाळीला बंद पडली तर आधी मधल्या उसाची उंची पाहा. पाण्याने भरलेली पाने या लहरींना भिंतीसारखीच असतात. खांब दहा-बारा फुटांच्या वर घ्यायचा हे लागवडीच्या वेळीच ठरवावे.

लाईट हा पुढचा विषय. लाईट गेली की नेट जाते असे आपण गृहीत धरतो, आणि फायबरच्या बाबतीत ते तितके खरे नाही. वाटेतल्या स्प्लिटरांना वीज लागतच नाही. ऑपरेटरच्या खोलीत बॅटरी असेल आणि तुमच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असेल, तर सगळा भाग अंधारात असतानाही नेट चालू राहते. घरचा इन्व्हर्टर असूनही हा छोटा यूपीएस घ्यावा, कारण इन्व्हर्टरवर बदल होतानाच्या झटक्याने डबा पुन्हा सुरू होतो आणि चालू मीटिंग तुटते. डब्याच्या आणि स्विचच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट व अँपिअर वाचून घ्या. काही स्विच ५ व्होल्टचे असतात. १२ व्होल्ट लावले तर जळतील.

सुरक्षेबद्दल थोडेच, पण ठणकावून. आपल्याकडे वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाईल नंबर. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी क्रमांक फार तर ४०० कोटी होतात, आणि जोडणीचा संदेश पकडून ते सगळे तपासणे हे चांगल्या ग्राफिक कार्डाला काही तासांचे काम आहे. चार मराठी शब्द आणि मध्ये एखादा आकडा यापेक्षा कितीतरी भक्कम. डब्याच्या सेटिंगचा 'अॅडमिन' पासवर्डही बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. कॅमेरे शक्यतो पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर टाकावेत.

कॅमेऱ्यांवरून आठवले. 'बाहेरून दिसत नाही' म्हणून सीसीटीव्हीवाला पोर्ट फॉरवर्डिंग करू, म्हणजे रेकॉर्डरसाठी डब्यात बाहेरून वाट उघडू पाहतो आणि ते होत नाही. डब्याच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर कंपनीने तुम्हाला इतर शेकडो ग्राहकांबरोबर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवले आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते आशियाच्या वाट्याला २०११ मध्येच संपत आले, त्याचा हा परिणाम. तिथे पोर्ट उघडण्याची खटपट व्यर्थ आहे. रेकॉर्डरचा क्यूआर कोड वापरा किंवा कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्या.

महाराष्ट्रात गावापर्यंत जाळे नेण्याचे प्रयोग कमी झाले नाहीत. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर पट्ट्यातली सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडली गेली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यातल्या काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस ठेवून तेच काम स्वस्तात करून दाखवले. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गावे जोडली आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले. २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय फायबर योजना भारतनेट झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपाला १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रकमेची मंजुरी मिळाली. हे सगळे पैसे आणि सगळी बुद्धी ग्रामपंचायतीच्या किंवा घराच्या दारापर्यंत येते. दाराच्या आतल्या चाळीस फुटांसाठी योजना नाही आणि ती असायचे कारणही नाही. ते काम घरमालकाचे आहे.

म्हणून शेवगावात आज ज्यांच्या घराचे काम चालू आहे त्यांना एक विनंती. स्लॅब भरायच्या आधी वायरमनला सांगा : लाईटच्या पाईपपासून वेगळा, एक इंची पाईप, टीव्हीच्या जागेपासून जिन्याखाली आणि तिथून प्रत्येक खोलीच्या छतापर्यंत, आत ओढायची दोरी सोडून. दोन-अडीच हजारांत होईल. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडून तेच करायला किती लागतात, ते गवंड्याला आधी विचारून घ्या.